खांबामागची जागा

सात वर्षं मी खांबामागं उभा राहतो,
इरफान किल्लेदारच्या पाठीशी.
वडगावातला माग बंद करून येतो, खटखट कानांत तशीच.
हाफटाइमला तो टोक बदलतो, मीही बदलतो.

मालक तवनाप्पा शेठ. उद्यमबागेत फौंड्री.
यंदा त्यांनी तीन स्ट्रायकर आणले,
एक केरळचा, एक गोव्याचा,
एक कुठला ते त्यालाच ठाऊक.
आणि इरफानला हुबळीला दिलं,
जुना पंप द्यावा तसं, वर थोडी रोकड घेऊन.

आम्ही दहाजण फौंड्रीच्या गेटावर गेलो.
वॉचमन म्हणाला, यारु बेकु?
बाळू बिर्जे म्हणाला, गोलकीपर बेकु.
शेठ आतूनच ओरडले, "संघ माझा हाय की!"
खरं आहे. संघ त्यांचा.
खरं, तिकीट आमचं, ऊन आमचं,
पेनल्टी हुकली की न जेवता झोपणं आमचं.

काल हुबळीशी मॅच.
पाय आपोआप त्याच्याच खांबामागं गेले.
केरळच्या पोरानं मारलेला चेंडू
इरफाननं बोटांच्या टोकांनी वर ढकलला
आणि मी टाळी वाजवली.
एकट्यानं. मग बाळूनं.
मग तिथं उभ्या सगळ्यांनीच.
शेठ खुर्चीतून मान वळवून बघत होते.

हरलो, शून्य-एक.
हातमोजे काढत इरफान जाळीशी आला.
"मामा, माग चालू हाय न्हवं?"
सात वर्षांत पहिल्यांदा त्याला समोरून बघितलं.
पुढचा एक दात नाही त्याला.
मला माहीतच नव्हतं.