मधला र

टोर्सहाव्नच्या छापखान्यात मी खिळे जुळवत असे, तेव्हाची गोष्ट.
ओलुवाबाईंचं हस्तलिखित आलं फुग्लोय बेटावरून,
लोकरीच्या धाग्याने बांधलेलं, मेंढीच्या वासाचं.
मागे शब्दसूची जोडायची होती, शहरातल्या पोरांसाठी,
ज्यांना बापजाद्यांचे शब्द उमगेनासे झालेले.

विंदेया : खिडकी. मूळ अर्थ, वाऱ्याचा डोळा.
ल्योवारी : जुन्या घराच्या छपरातलं भोक.
त्यातून बाहेर जाई धूर, पण नाव ठेवलं
आत येणाऱ्या उजेडावरून.
(इथे समासात बाईंची शाई : आमची माणसं अशी.)

आणि एकोणिसाव्या पानावर 'म्योची'.
धुक्याला आमच्याकडे म्योर्ची म्हणतात, शेंबडं पोरही सांगेल.
मी मधला र बसवला.
प्रूफ परत आलं, र खोडलेला.
म्हटलं, बाईंचा चष्मा बदलायला झाला. पुन्हा बसवला.
पुन्हा खोडलेला,
या वेळी कागद फाटेपर्यंत.

एक विद्वान म्हणाले, हे रूप जुनं असणार,
नॉर्वेच्या किनाऱ्यावरून आलेलं.
दोन पानांचं टिपण दिलं लिहून, तळटीपांसह.
मी ते बाईंना धाडलं.
उत्तराला तीन आठवडे लागले, समुद्र खवळलेला.

"टिपण छान आहे. त्यात मासे गुंडाळले.
हेय्नी, माझा धाकटा भाऊ. वय चार.
दारात उभा राहून ओरडायचा, म्योची आला, म्योची आला,
जसा मामाच यावा खाऊ घेऊन.
र त्याला अजून यायचा होता.
गोवर आधी आला."

सगळ्यात बारीक टायपात मी जुळवलं :
म्योची. धुकं. व्युत्पत्ती : हेय्नी.
संपादकांनी विचारलं, ही कुठली भाषा?
म्हटलं, बोली आहे, लहान.
बोलणारा एकच होता.

बाई गेल्या. छापखाना गेला, शिसं किलोवर विकलं.
परवा फुग्लोयची बोट धरायला गेलो, तर
धक्क्यावर फळा, खडूने कुणा पोरसवद्याचं अक्षर :
आज म्योची. बोट नाही.

चूक असेल. नसेलही.
चाळीस वर्षांची खोड, हात खडूकडे गेलाच,
मग तो मी कोटाच्या खिशात घातला
आणि बसून राहिलो बाकावर, इतर उतारूंसारखा.
समोरचं बेट दिसत नव्हतं.