आठ दिवस की बारा

नकाशा टेबलावर पसरून दोघं विचारतात,
आठ दिवसांची वाट घ्यावी की बारा?
चार कोपऱ्यांवर माझेच कप ठेवलेत त्यांनी.
कोकाच्या पानांचा चहा निवत चाललाय.

मी सतुर्निना, ल्यामाक गावची.
अठरा वर्षं या डोंगरांतून चूल फिरवते आहे.
हा निळा ठिपका म्हणजे कार्वाकोचा तळं,
एवढं मला वाचता येतं.
पण त्या ठिपक्यापाशी पहाटे
पातेल्यातल्या पाण्यावर किती जाड बर्फ धरतो
ते कागदावर कुठे लिहिलेलं नाही.

मी उत्तर देत नाही. बटाटे मोजायला घेते.
आठ दिवस म्हणजे एक पोतं, बारा म्हणजे दीड.
ते अर्धं पोतं म्हणजे आणखी एक गाढव,
आणखी एक गाढव म्हणजे फोर्तुनातोला निरोप,
आणि फोर्तुनातोला निरोप म्हणजे
आधी त्याच्या बायकोचा गेल्या वर्षीचा रुसवा काढणं.
वाट अशी ठरते, बाबांनो.

नेझा म्हणते, आठ.
तिच्याकडे यादी आहे, यादीत ग्रॅम आहेत.
टूथब्रशचा दांडा तिने अर्धा कापलाय,
मोजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललेत.
माझ्या लोखंडी तव्याकडे पाहिलं
आणि काही बोलली नाही. बरं केलं.

बोरुत म्हणतो, बारा.
तिचा बाप. त्रेसष्टचा.
तिकडे त्यांच्या शहरात अकरा मजल्यांची इमारत आहे,
पाठीवर पिठाची पिशवी बांधून
हिवाळाभर तो चढला आणि उतरला.
लिफ्टमधले शेजारी हसायचे, असं सांगताना स्वतःच हसतो.
हसता हसता थांबतो. मोठा श्वास घेतो.

मी त्यांचे बूट उलटे करून पाहिले.
तिचे झिजलेले, याचे कोरे.
म्हटलं, आजपासून जेवतानाही हेच घाल,
फोड यायचे ते इथे येऊ देत,
इथे निदान गरम पाणी आहे.

काल संध्याकाळी तो माझ्या जिन्यात
सातव्या पायरीवर उभा राहून
भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.
बराच वेळ.
त्याला स्पॅनिश येत नाही.

वर गेलं की सोरोचे लागतो.
डोकं ठणकतं, भाकरी मातीसारखी लागते.
कोणाला लागेल ते पिठाच्या पिशवीला कळत नाही.
डोंगर आधी दम देतो,
तेव्हा माणसाने दम धरायचा,
आणि दम धरायला दिवस लागतात.

म्हणून मी म्हटलं, बारा.
नेझाचा चेहरा पडला.
तिला वाटलं मी म्हाताऱ्याच्या हट्टाला भुलले,
नाहीतर पैशाला.
मुली, आठ दिवसांची वाट आखूड नाही गं,
तीच वाट आहे, फक्त पळत.
बारामध्ये बसायला दगड आहेत,
एक दिवस नुसता कपडे वाळवायचा आहे.
हे मी बोलले की बटाट्यांनाच सांगितलं, आठवत नाही.
तिने पेन्सिलीने आठ खोडला.

मग रात्रभर काय ते बांधणं:
अंडी ओटच्या डब्यात पुरून,
मीठ दोन ठिकाणी, एक भिजलं तर दुसरं,
गावोगावच्या पावत्यांसाठी सुटे पैसे पिशवीत,
पहिल्या खिंडीत जमिनीला द्यायला
न फाटलेली तीन पानं वेगळी.

पहाटे अंगणात चार गाढवं
आणि पाठ मोकळी असलेला एक घोडा.
"घोडा कशाला?" नेझाने विचारलं. "तो यादीत नाही."
म्हटलं, अंड्यांसाठी. गाढवं हिसके देतात.

बोरुतने माझ्याकडे पाहिलं,
मग घोड्याकडे,
मग वाकून बुटाची नाडी बांधत राहिला,
बांधलेलीच.

मी खोगिराच्या पलीकडे गेले
आणि रिकिबीचा पट्टा
त्याच्या पायाच्या मापाने
दोन भोकं खाली घेतला.