येण्याचं कारण

शेठ फोनवर म्हणाले, नळ सोडत जा,
तीन दिवसांनी एकदा, सगळ्या खोल्यांचे.
जाळीखालचं पाणी आटलं की गटाराचा वास वर चढतो,
मग गिऱ्हाईक पुन्हा पाय ठेवत नाही.

गिऱ्हाईक!
पंचवटी कारंज्यावर भर रस्त्यात कुत्री झोपलेली
आणि शेठ गिऱ्हाईक म्हणाले.

बेचाळीस खोल्या, माणसं दोन.
मी काउंटरचा,
आणि सुरगाण्याचा येवाजी गावित, पन्नाशीचा रूमबॉय.
बाकीचे गेले.
ओडिशाचा तंदूरवाला धुळ्याच्या अंगाला चालत निघाला,
जाताना भट्टीवर झाकण ठेवून गेला,
दूध झाकावं तसं.

दार, दिवा, बेसिन, शॉवर, फ्लश.
पुढचं दार.
येवाजी प्रत्येक दारावर आधी टकटक करायचा.
आत कोण आहे रे?
कोणी नाही साहेब, हातच आधी जातो.

पगार अर्धा झाला, मग "बघू" झाला.
साखरेच्या पुड्या फोडून चहा, कपाला चार.
पाहुण्यांचे इवले साबण
आम्ही दोघांनी हात धुऊन संपवले.

मे महिन्यात तो जिन्याखाली कण्हत होता.
मी दोनशे चार उघडली.
परीटघडीची चादर घातली, खिडकीतून थोडी गोदावरी दिसते ती खोली.
तो दारात अडला: साहेब, नोंद?
मग खाली येऊन रजिस्टर उघडलं.
नाव: येवाजी काळू गावित.
कुठून आले: जिन्याखालून.
येण्याचं कारण:
इथं लोक लिहितात देवदर्शन, दशक्रिया, कालसर्प, द्राक्षांचा सौदा.
मी लिहिलं, ताप.
खोडलं.
लिहिलं, विश्रांती.
कुठे जाणार: हा रकाना तसाच ठेवला.

अकरा दिवस ताट दाराशी ठेवून मी टकटक केली.
आतून खोकत म्हणायचा,
वाजवू नका साहेब, उठून उभं राहावंसं वाटतं.
नळ मी एकटाच सोडत होतो. एक्केचाळीस.
बेचाळिसाव्याचा आवाज आला की
जिन्यात थांबून ऐकायचो.

बाराव्या दिवशी चादर त्यानंच बदलली,
कोपरे असे मारले की कुणी झोपलंच नव्हतं.
मग दिंडोरीकडे परतणाऱ्या भाजीच्या टेम्पोत बसून गेला.

दिवाळीआधी शेठ आले.
नाक वर करून तिन्ही मजले हिंडले.
वास नाही म्हणाले, शाब्बास.
मग रजिस्टर चाळताना बोट अडलं:
दोनशे चार, अकरा दिवस. बिल कुठंय?

मी कॅल्क्युलेटर पुढं ओढला.
बेचाळीस खोल्या, म्हटलं, लिहून घ्या.