छाट

निपाणीत रविवारीही वखारींच्या वासाला सुट्टी नसते.
तो देवळात येतो चपला न काढता
आणि मागल्या बाकावर बसून खोकतो.

त्या दिवशी खोकत होती यल्लव्वा.
आमच्या मंडळीतली नव्हे. पायरीवर सावलीला टेकलेली,
मांडीवर सूप, सुपात ओलसर कापलेली पाने.
मी व्यासपीठावर, दोन भाषांत तयारी करून :
'शेजारी कोण?' मराठीत,
'नेरेयवनु यारु?' कन्नडात,
म्हणजे कुणालाही वाटू नये
की करुणा पलीकडच्या राज्यातली.

पहिला मुद्दा झाला. दुसराही बरा वठला.
तिसऱ्याला शलोमीबाई आवळे उठल्या.
कमरेला दानपेटीची किल्ली, गुडघे दुखरे,
तीस वर्षांत उपदेश चालू असता
कधी उठल्या नव्हत्या.
दाराबाहेर गेल्या, परत आल्या नाहीत.
माझा आवाज चढला.
खरे सांगायचे तर
उरलेला वेळ मी दयेविषयी रागाने बोललो.

आशीर्वाद दिला, झगा खुंटीला टांगला, मागे गेलो.
चिंचेखाली दोघी. सूप आता शलोमीबाईंच्या मांडीवर.
पान, तंबाखू, वळ, दुमड, दोरा,
पान, तंबाखू, वळ,
बोटे अशी चालली होती
जणू त्यांचा बाप्तिस्मा करायचा राहूनच गेला.

'बाई, आज रविवार.'
'होय जी.'
'आणि बिडी! गेल्याच महिन्यात मी...'
'ऐकलं की. पटलं पण.
हिचा हात थरथरतोय सकाळपास्नं.
हजार भरल्या न्हाईत तर उद्या कार्ड काढून घेतील.
सातशे झाल्यात.
तुमचं संपायची वाट बघितली, पाळकसाहेब,
पर तुमचा जखमी मनुष्य
अजून रस्त्यातच पडला होता.'

यल्लव्वा जरा सरकली. 'कूडरी,' म्हणाली.
होती त्या वीतभर सावलीत मला जागा.
माझे कन्नड कागदावर होते. कागद खिशातच राहिला.

बसलो.
करावे तर पाप, न करावे तर त्याहून मोठे,
दोहोंच्या मध्ये बोटभर फट होती
तिथे पान धरले.
पहिली उलगडली. दुसरीतून तंबाखू गळली.
तिसरी शलोमीबाईंनी उजेडात धरून पाहिली :
'ही छाट.'
यल्लव्वा हसली, हसता हसता खोकली,
कुणीतरी पाठीवर हात फिरवीपर्यंत खोकली.
तो हात माझा नव्हता. मी दोऱ्याची गाठ शोधत होतो.

चार वाजेपर्यंत माझ्या एकोणीस भरल्या.
अकरा छाट.
आठ गेल्या कारखान्यात,
कुणाच्या तरी छातीत जातील, हे मला ठाऊक आहे.
तेही इथे लिहून ठेवतो,
देवाला हिशेब कळतो म्हणून आपण दडवू नये.

रात्री तीनदा साबण लावला. वास गेला नाही.
त्याच हातांनी भाकरी मोडली.

पुढल्या रविवारी उपदेश लहान ठेवला.
मागून खोकला आला नाही.
दोन मुद्दे बोललो आणि थांबलो, पायरीकडे बघत,
तिथे नुसते ऊन.
मंडळीला वाटले, तिसरा विसरलो.
शलोमीबाई तेवढ्या
किल्ली सावरत उठल्या.