शिकाऊ

सर गेले त्या आठवड्यात
जेलरोडच्या घरी त्यांची कपाटं आवरायला गेलो.
काकू म्हणाल्या, दगड तेवढे मोजून ने,
नाहीतर हे वरून विचारतील.

एकशे बारा निघाले.
प्रत्येकावर पांढरा ठिपका, ठिपक्यात आकडा,
आणि आकड्याचा पत्ता वहीत:
सिन्नर घाट, रस्ता फोडताना मिळाला. मार्च. ऊन फार.
रामशेज, उत्तरेची बाजू. पायात काटा.
गंगाघाट. साधाच आहे. आवडला.

खालच्या खणात प्रेसचा बिल्ला होता.
निवृत्ती पुंजा गांगुर्डे, शिकाऊ कामगार.
फोटोत कान मोठे, गळ्यापाशी बटण लावलेलं.
रात्रभर दिव्याखाली तिकिटांचे ताव तपासायचे,
कुठे रंग पुसट, कुठे छिद्रांची ओळ सरकलेली,
आणि सकाळच्या भोंग्याला बाहेर पडून
सायकल थेट कॉलेजात.
शेवटच्या बाकावर पेंग यायला लागली
की खिशातल्या गारगोटीची धार
अंगठ्यात रुतवायची.
सरांनी हे कधी सांगितलं नाही.
काकूंनी सांगितलं, स्वतःचा अंगठा दाखवत.

आम्हाला भूशास्त्र शिकवायला आले तेव्हाही डोळा तोच.
माझ्या 'बेसाल्ट'चा सुटलेला काना त्यांनी पकडला,
पण तांबड्या शाईने नाही. शिसपेन्सिलीने, हलकेच.
म्हणाले, प्रेसमध्ये चुकलेला ताव जाळायचे, गांगरू नकोस,
पोरगं पुन्हा छापता येतं.

एकदा पांडवलेणीला सहल नेली.
खडकाचे थर दाखवून झाले,
वहीत आकृत्या काढून झाल्या,
तेव्हा कुणीतरी भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं:
सर, काय लिहिलंय?
सर म्हणाले, माहीत नाही.
आम्ही हसलो.
प्राध्यापकाच्या तोंडून हे वाक्य
आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.
ते मात्र हसले नाहीत,
उन्हात उभे राहून बघत बसले त्या भिंतीकडे
बस हॉर्न देईपर्यंत.

निरोप समारंभात सहाजणांनी तोच विनोद केला,
निवृत्तीची निवृत्ती.
सहाही वेळा सर नव्याने ऐकल्यासारखे हसले,
आणि सोमवारी पालीच्या वर्गात नाव घालून आले.
फॉर्मवर, व्यवसाय: शिकाऊ.
कारकुनाने खोडून 'सेवानिवृत्त' केलं,
तर परत गेले, दुरुस्त करून घेतलं.
वर्गात सगळ्यांत म्हातारे,
आणि सगळ्यांत जास्त वेळा नापास.

अकरा वर्षांनी एका रविवारी फोन. चल.
पायऱ्या चढताना तीनदा बसले.
वर पोचल्यावर चष्मा पुसून
एकेका अक्षरावर बोट न टेकवता बोट फिरवत
वाचू लागले: शेत दिलंय कुणीतरी,
किती दिलं तेही लिहिलंय, हिशोबाचा माणूस दिसतो.
मग एका ठिकाणी थांबले.
पुन्हा मागून वाचलं. पुन्हा थांबले.
डोळ्यांत ती जुनी रात्रपाळी.
कोरणाऱ्याचं इथं चुकलंय बघ, म्हणाले,
आणि जिना उतरताना, निम्म्यात:
की माझंच चुकतंय?

हॉस्पिटलातली शेवटची वही पातळ आहे.
सुरगाण्याच्या नर्सबाई, रंजना,
त्यांच्या बोलीतली झाडांची नावं.
एक ते चौदा, अक्षर थरथरतं पण सुटं.
पुढे पंधरा, आणि पुढे काही नाही.

वही घेऊन वॉर्डात गेलो.
का गेलो, सांगता येणार नाही.
रंजनाताईंनी पान बघितलं आणि म्हणाल्या,
हे मला येत नव्हतं, आजीला विचारून सांगते म्हटलेलं.
मी विचारून आले, तर कॉट रिकामी.
तुम्ही लिहून घेता का?

खिसे चाचपले. पेन होतं.
मी त्यांच्याकडे
शिसपेन्सिल मागितली.