शेऱ्याचा रकाना

दर शनिवारी अर्धी ड्युटी उरकून
मी वांद्र्याला फिलोमिना तुस्कानो बाईंकडे जातो, ग्रीक शिकायला.
वय एकावन्न. परळच्या इस्पितळात रेकॉर्ड रूमचा कारकून.
बाई म्हणतात, अल्फा नीट काढ, मासोळीसारखा,
शेपूट उघडं ठेव.

एम.ए.च्या प्रबंधाला मी देव घेतला अस्क्लेपिओस.
हातात काठी, काठीला साप, पायाशी कुत्रं.
आपल्याकडे असता तर
दत्ताशी भांडून गुरुवार घेतला असता त्याने.

त्याच्या देवळात औषधाहून झोप मोठी.
आंघोळ करायची, पोळी वाहायची,
आणि ओसरीत भुईवर पडायचं.
रात्री देव येणार. कधी नुसता हात फिरवणार,
कधी साप जखम चाटणार, कधी कुत्रं.
मग दगडावर कोरून ठेवायचं:
अमक्या गावचा अमका, पायाने अधू,
आला, निजला, स्वप्न पाहिलं,
हुगिएस एक्सेल्थे.
बरा होऊन गेला.

पाटीमागून पाटी वाचली, शेवट हाच.
चोवीस वर्षं मी शेऱ्याचा रकाना भरतोय,
मला संशय येणारच.
बाकीच्यांचे कागद कुठायत, बाई?
बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, पुढचं पान वाच.

पुढच्या पानावर नियम होता:
देवळाच्या हद्दीत कुणी जन्मायचं नाही,
कुणी मरायचं नाही.
ज्याचं भरत आलं त्याला उचलून
हद्दीच्या दगडापलीकडे.

आमच्या हद्दीपलीकडे फुटपाथ आहे.
तिथे निळ्या ताडपत्रीखाली
सुभद्रा खिल्लारे, मुक्काम सेनगाव, जिल्हा हिंगोली,
आणि मुलगा वैजनाथ, वय चौदा, डावा गुडघा.
जवळच हाफकिनमध्ये साप,
फुटपाथभर कुत्री, सगळी सामग्री जमलेली.
न राहवून वही काढून विचारलं,
मावशी, रात्री स्वप्नात कुणी येतं का?

येतो की, ती म्हणाली.
पहाटं साडेचारला. हातात काठी.
म्हणतो उठा, पाणी मारायचंय.
मागनं त्याचं ते काळं कुत्रं.

मी लिहून घेतलं. तारीख घातली.

बाईंना वाचून दाखवलं. आधी हसल्या,
मग चपला घातल्या
आणि टेकडी चढून मला माउंट मेरीपाशी घेऊन गेल्या.
टोपल्यांत मेणाचे हात, मेणाची काळजं,
मेणाची दोनखणी घरं, एक विमानसुद्धा.
एपिदाव्रोसला हेच, बाई म्हणाल्या, फक्त भाजक्या मातीचं.
मी गुडघा मागितला.
विकणारी म्हणाली, नुसता गुडघा नाय मिळत,
आख्खा पाय घे.
घेतला. डावाच ना, दोनदा विचारलं.

मग ऑडिट आलं. तीन आठवडे खुर्चीतून हललो नाही.
गेलो तेव्हा ताडपत्री तीच, दोरी तीच,
वैजनाथ शेजारच्यांच्या मोबाइलवर मॅच बघत होता
आणि चादर डावीकडे
मांडीपासून खाली सपाट.
काढला, सुभद्रा म्हणाली. आता बरा व्हईल म्हणतेत.
पिशवीतला पाय मी पिशवीतच ठेवला.

तो आता माझ्या खणात आहे, जुन्या पेपरात गुंडाळलेला,
मे महिन्यात बोटांकडून मऊ पडत चाललेला.
ग्रीक पुजारी जुने नवस हद्दीतच खड्डा करून पुरत,
देवाचं बाहेर न्यायचं नाही म्हणून.
आमच्याकडे खाली फरशी आहे.

काल वैजनाथचा कागद टेबलावर आला.
शेऱ्याचा रकाना कोरा.
एक्सेल्थे: तृतीय पुरुष, एकवचन, भूतकाळ,
बाहेर पडला.
तेवढं खरं आहे. कुबड्यांवर, उजव्या दाराने,
वॉचमनने काठी काखेत मारून दार धरलं होतं.
विशेषणाची जागा मी मोकळी सोडली.

खाली आईच्या अंगठ्याशेजारी
त्याने स्वतःचं नाव लिहिलंय.
अक्षर बरं आहे.