पेचकस

टेंभुर्णे काका रिटायर झाले त्या संध्याकाळी
त्यांनी मला किल्ली दिली नाही, किल्ली ऑफिसातच असते.
पेचकस दिला.
लाकडी मुठीचा, वीतभर लांब,
टोकावर अजनीची काळी माती वाळलेली.

म्हणाले, पोरी, नळ उघडायच्या आंधी हा खुपस.
सरकन गेला तं घरी जाय, चहा पी.
अडला तं पाणी दे.
आन् देशीन तं असं दे
का मुळानं खाली पाह्यलं पाह्यजे. वर नाही.

मला वाटलं होतं, मैदान राखणं म्हणजे पाइप धरून उभं राहणं.

मग एप्रिल.
मग मे, आणि पाणी एक दिवसाआड.
पहाटे चारला, कुत्रीही गार फरशी शोधून झोपलेली असताना,
मी मैदानात श्रीखंडाचे सात रिकामे डबे मांडायची
आणि फवारा सोडायची.
डब्यात बोटाचं पहिलं पेर बुडलं की बंद.
आठवड्यातून दोनदा, बस.
बाकीच्या दिवशी फक्त पेचकस,
आणि जमिनीच्या भेगांशी थोडं बोलणं.

मशीनचं पातं मी दोन खाचा वर चढवलं.
सेक्रेटरी डोंगरे साहेब म्हणाले, कटिंग झालं नाही का?
झालं साहेब. उंच ठेवलं.
उंच हरळी आपल्याच पायांवर सावली धरते.
साहेबांनी माझ्या डोक्यावरच्या दुपट्ट्याकडे पाहिलं
आणि पुढे काही बोलले नाहीत.

पण शालेय स्पर्धा नवतपातच ठेवली होती त्यांनी.
फोटोत हिरवं दिसलं पाहिजे, म्हणाले.
मी विचारलं, किती हिरवं?
हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पाणी होतं तेवढं मी गोलच्या तोंडाशी दिलं,
मधल्या वर्तुळाला दिलं.
कडा झोपू दिल्या.
आठ दिवसांत त्या पोत्याच्या रंगाच्या झाल्या,
आणि कॉलनी कुंपणाशी येऊन हळहळली, मेलं गं सगळं.
मी एक दोरा उपटून नखाने सोलला,
पेऱ्यापाशी आत फिकट हिरवं होतं,
वाटाण्याच्या कोंबासारखं.
दाखवलं. काहींनी पाहिलं.

समोरच्या क्वार्टरमधल्या इंगळे बाई
रोज कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी बादलीतून आणायच्या,
तेवढंच पुण्य, म्हणत.
मी बोट बुडवून चाखलं. खारट.
महिनाभर तेच पाणी उडून उडून उरलेलं ते,
गवताच्या मुळाशी पांढरी साय धरतं.
त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.
नको कसं म्हणू?
म्हटलं, बाई, गेटाजवळ मारा, धूळ बसेल.
तेव्हापासून गेटाजवळची धूळ
नागपुरातली सगळ्यात शहाणी धूळ आहे.

स्पर्धेच्या सकाळी सहालाच ऊन टोचायला लागलं.
आठवीची गोलकीपर, उईके आडनावाची,
डावीकडे झेपावली, चेंडू हुकला,
आणि उठली तेव्हा कोपरावर हिरवा डाग होता.
रक्त नव्हतं.
मी ते पाहिलं आणि मग स्कोअर किती झाला ते पाहायचं राहून गेलं.

फोटोत साहेब मधल्या वर्तुळात उभे राहिले,
कडा फ्रेमच्या बाहेर.

सगळे गेल्यावर त्यांच्या बुटांचे ठसे
मध्यरेषेपासून मंडपापर्यंत तसेच होते.
ताजं गवत पाऊल पडल्यावर पुन्हा उठतं,
तहानलेलं पडून राहतं, आणि थोडं निळसर दिसतं,
जसं काही सांगायचंय पण आवाज नाही.
मी ठसे मोजत बसले. एकतीस.

कडुनिंबाखाली टेंभुर्णे काका केव्हाचे येऊन बसले होते,
डोक्यावर ओला टॉवेल.
मी काही विचारलं नाही, पेचकस त्यांच्या हातात दिला.
गुडघ्यांवर हात टेकत ते उठले,
मधल्या वर्तुळात तो रोवला, अर्ध्यावर अडला.
त्यांनी सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आता नोको देऊ, म्हणाले, हवाच पिऊन टाकते.
उद्या पहाटे.
आन् डबे धुऊन ठेवजो,
एकात मुंग्या लागल्या आहेत.